काहुटा आणि ट्रॉम्बे : न झालेल्या हल्ल्याची चर्चा
(प्रस्तावना)

शत्रुत्व बाळगणारे एखादे राष्ट्र अण्वस्त्र बनवण्याच्या मार्गावर आहे अशी खात्री पटू लागली, तर शेजारच्या राष्ट्राने काय करावे, हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील राजनीतीचा कदाचित सर्वांत अवघड प्रश्न आहे. त्याची चर्चा बहुधा दोन टोकांत अडकते. एका टोकाला ते कारखाने वेळीच उद्ध्वस्त करावेत असे म्हणणारे असतात, तर दुसऱ्या टोकाला वाटाघाटी, निर्बंध आणि संयम यांवर भर देणारे असतात. दोन्ही पक्ष परस्परांना भाबडे ठरवतात, आणि वाद पुढे सरकत नाही. प्रस्तुत पुस्तकाचा विषय या वादाचे एकच उदाहरण आहे. पाकिस्तानातील काहुटा येथील युरेनियम समृद्धीकरणाच्या प्रकल्पाबाबत भारताने १९८०च्या दशकात काय विचार केला, काय केले आणि काय केले नाही, याची येथे छाननी आहे. हे उदाहरण निवडण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले असे की, हल्ला न करण्याचा निर्णयदेखील निर्णयच असतो, त्यालाही स्वतःची कारणे, किंमत आणि परिणाम असतात, हे या प्रकरणात फार स्पष्ट दिसते. दुसरे असे की, हल्ल्याच्या प्रत्युत्तराचे सर्वांत संभाव्य ठिकाण महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर होते. तरीही हा विषय मराठीत बहुतेक वेळा दिल्लीच्या किंवा वॉशिंग्टनच्या नजरेतूनच मांडला गेला आहे.

प्रारंभी एका भेदाची नोंद करणे आवश्यक आहे, कारण सर्वसाधारण लेखनात तो पुसला जातो. शत्रूचा हल्ला दारात येऊन ठेपला आहे, त्याची सेना हालचाल करू लागली आहे, अशा वेळी त्याच्या आधी केलेल्या प्रहाराला पूर्वप्रहार म्हणता येईल. याउलट, आज धोका प्रत्यक्ष नसून पाच-दहा वर्षांनी तो उद्भवेल या अंदाजावर केलेला हल्ला हा प्रतिबंधक हल्ला होय. आंतरराष्ट्रीय विधिपरंपरा पहिल्याकडे काही अटींवर समजुतीने पाहते. दुसऱ्याला संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत सहजासहजी जागा सापडत नाही. काहुटावर झाला असता तो हल्ला दुसऱ्या प्रकारचा ठरला असता. त्याचे समर्थन करणाऱ्यांना भविष्याबद्दलच्या अंदाजाला वर्तमानातील धोक्याचे वजन द्यावे लागले असते, आणि तेथेच त्यांच्या मांडणीची खरी कसोटी होती.

काहुटा हे रावळपिंडीच्या पूर्वेकडील डोंगराळ भागातील एक साधे गाव. १९७२च्या जानेवारीत पाकिस्तानचे तत्कालीन अध्यक्ष झुल्फिकार अली भुट्टो यांनी मुलतान येथे पाकिस्तानी शास्त्रज्ञांना एकत्र बोलावून अण्वस्त्रांचा संकल्प सोडला. १८ मे १९७४ रोजी भारताने पोखरण येथे केलेल्या स्फोटानंतर त्या संकल्पाला धार आली. डॉ. अब्दुल कादीर खान हे धातुशास्त्रज्ञ तेव्हा हॉलंडमध्ये युरेंको या युरोपीय उद्योगसमूहाशी संबंधित एका संस्थेत काम करत होते, आणि १९७५च्या अखेरीस ते तेथील सेंट्रिफ्यूज यंत्रांची माहिती घेऊन पाकिस्तानात परतले. १९७६मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली, आणि १९८१मध्ये पाकिस्तानचे लष्करशहा जनरल झिया यांनी तिला खान यांचेच नाव दिले.

या यंत्रांचे कार्य समजल्याशिवाय पुढील वाद समजत नाही. खाणीतून मिळणाऱ्या युरेनियममध्ये विखंडनक्षम युरेनियम-२३५चा अंश शेकडा केवळ ०.७ असतो, वीजनिर्मितीच्या बहुतेक अणुभट्ट्यांना तो शेकडा ३ ते ५ लागतो, तर बॉम्बसाठी सुमारे ९० टक्क्यांपर्यंत न्यावा लागतो. त्यासाठी युरेनियमचे हेक्झाफ्लोराइड नावाच्या वायूत रूपांतर करून तो प्रचंड वेगाने फिरणाऱ्या उभ्या नळकांड्यांच्या मालिकांतून फिरवतात. जड रेणू कडेकडे ढकलले जातात, हलके मध्याजवळ राहतात, आणि एका यंत्रातून किंचित समृद्ध झालेला वायू दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातो. यातील सर्वांत महत्त्वाची आणि बाहेरच्या वाचकाच्या ध्यानात सहसा न येणारी गोष्ट अशी की, एकूण श्रमाचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग ०.७ पासून ४-५ टक्क्यांपर्यंत पोहोचण्यातच खर्च होतो, आणि तेथून ९० टक्क्यांपर्यंतची वाट तुलनेने छोटी असते. १२ सप्टेंबर १९८४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी झिया यांना पत्र पाठवून समृद्धीकरण ५ टक्क्यांच्या पुढे नेऊ नये असे बजावले. ही मर्यादा ऐकायला कडक वाटते. पण ती पाळली तरी बॉम्बकडे जाणारी बरीचशी वाट आधीच तुडवून झालेली असते. अफगाणिस्तानातील सोव्हिएत सैन्याशी चाललेल्या लढ्यासाठी अमेरिकेला पाकिस्तानची गरज होती आणि १९८१मध्ये ठरलेली ३.२ अब्ज डॉलरची मदत थांबवणे तिला नको होते. ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की ५ टक्क्यांची रेघ त्या ठिकाणी का ओढली गेली याचा उलगडा होतो.

या सर्वांच्या तीन वर्षे आधी, ७ जून १९८१ रोजी, इस्रायलच्या विमानांनी बगदादजवळील ओसिराक ही अणुभट्टी काही मिनिटांत नष्ट केली होती. सुरक्षा परिषदेने १९ जून रोजी ठराव क्रमांक ४८७ एकमताने संमत करून त्या कृत्याचा निषेध केला. परंतु जगभरच्या लष्करी मुख्यालयांत निषेधापेक्षा कुतूहल अधिक होते, आणि भारतही त्याला अपवाद असण्याचे कारण नव्हते. इस्रायलला जमले ते भारताला का जमू नये, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत विचारला जातो. त्याचे उत्तर काही अंशी अभियांत्रिकीचे आहे. ओसिराक ही परदेशातून आणलेली, इंधन अजून न भरलेली, एकाच ठिकाणी उभी असलेली भट्टी होती; ती पाडली की तिच्या जागी दुसरी आणायला पुन्हा फ्रान्सकडेच जावे लागणार होते. काहुटा येथील सेंट्रिफ्यूज मात्र पाकिस्तानी कारागीर, दुबई आणि युरोपातील दलाल, आणि हातात असलेले आराखडे यांच्या जोरावर घडवले जात होते. यंत्रशाळा उडवली तरी तिच्यात काम करणाऱ्यांचे ज्ञान उडत नाही, आणि सेंट्रिफ्यूजच्या रांगा एखाद्या डोंगराच्या पोटात किंवा कापडगिरणीच्या मापाच्या इमारतीतही पुन्हा लावता येतात. शिवाय इराकचा पुढील इतिहासही ओसिराकच्या समर्थकांना वाटतो तितका अनुकूल नाही. १९९१च्या आखाती युद्धानंतर आंतरराष्ट्रीय निरीक्षक तेथे पोहोचले तेव्हा, १९८१नंतर सद्दाम हुसेन यांच्या राजवटीने समृद्धीकरणाचा एक गुप्त आणि अधिक विस्तृत कार्यक्रम हाती घेतल्याचे उघड झाले.

अशा पार्श्वभूमीवर १९८४चा शरद ऋतू येतो. डिसेंबर १९८२मध्येच 'वॉशिंग्टन पोस्ट'ने भारतीय लष्करी नेतृत्वाने काहुटावरील हल्ल्याची योजना इंदिरा गांधींपुढे ठेवल्याचे वृत्त दिले होते. फेब्रुवारी १९८४मध्ये कादीर खान यांनी युरेनियमच्या समृद्धीकरणात यश मिळाल्याचे एका उर्दू वृत्तपत्राला सांगितले, आणि सप्टेंबर १९८४मध्ये अमेरिकी गुप्तचरांनी भारतीय हल्ल्याच्या शक्यतेची माहिती आपल्या सिनेटच्या समितीला दिल्याचे वृत्त आले. अंबाला तळावरील जग्वार विमानांच्या दोन तुकड्या उपग्रहचित्रांत दिसेनाशा झाल्याचा उल्लेख याच संदर्भात वारंवार येतो. ३१ ऑक्टोबरला पंतप्रधानांची हत्या झाली आणि प्रश्नाचे संपूर्ण नेपथ्यच बदलले. त्या काळातील भारतीय शासकीय कागदपत्रांपैकी फार थोडी खुली झालेली असल्याने, योजना किती पुढे गेली होती याविषयीचे अनेक वृत्तांत एकमेकांच्या आधारावर उभे आहेत. त्यांतील जे दोन स्वतंत्र मार्गांनी पोहोचलेले दिसते तेवढेच या पुस्तकात गृहीत धरले आहे.

या सुमारास निर्णयाच्या साखळीतील तीन महत्त्वाच्या जागा मराठी माणसांकडे होत्या, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही. ऑगस्ट १९८४पासून त्या वर्षाअखेरपर्यंत संरक्षणमंत्री होते नांदेडचे शंकरराव चव्हाण. लष्करप्रमुख होते जनरल अरुण श्रीधर वैद्य. आणि ४ सप्टेंबर १९८४ रोजी हवाई दलाची सूत्रे लक्ष्मण माधव कात्रे यांच्याकडे आली. या योगायोगावरून कोणताही प्रादेशिक सिद्धान्त काढणे बालिश ठरेल, आणि या तिघांची खाजगी मते काय होती याची अटकळ बांधणेही प्रस्तुत पुस्तकाच्या रीतीला सोडून होईल. परंतु शंकररावांचे नाव मराठवाड्यातील वाचकाला पाणी आणि सिंचनाच्या संदर्भात आठवते. विष्णुपुरीला गोदावरीवर उभ्या राहिलेल्या उपसा सिंचन प्रकल्पाचा जलाशय त्यांच्या नावाने शंकर सागर म्हणून ओळखला जातो, आणि तेथील वैद्यकीय महाविद्यालयही त्यांच्याच नावाचे आहे. त्याच माणसाच्या कार्यालयाच्या आसपास उपखंडातील पहिल्या संभाव्य अणुसंघर्षाची चर्चा चालली होती, हे मराठवाड्याच्या सार्वजनिक स्मृतीत नाही. विष्णुपुरीच्या परिसरातच विद्यापीठ आणि अभियांत्रिकी महाविद्यालय असूनही तेथील विद्यार्थ्याला हा इतिहास मराठीतून उपलब्ध नसावा, ही या लेखनामागची एक खंत आहे.

याच मराठवाड्याला 'वाट पाहावी की बळ वापरावे' हा प्रश्न वेगळ्या रूपात परिचित आहे. निजामाशी २९ नोव्हेंबर १९४७ रोजी झालेला जैसे थे करार, रझाकारांचा हैदोस, सीमेवरील शिबिरे, सुरक्षा परिषदेकडे गेलेली तक्रार आणि अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू होऊन पाच दिवसांत आटोपलेली पोलीस कारवाई, या क्रमात वाटाघाट, दबाव आणि बळ असे तिन्ही मार्ग पाळीपाळीने आले. ती तुलना येथे फार ताणता येत नाही, कारण निजामापाशी मोठा प्रतिघात करण्याचे साधन नव्हते. तरीही एक तपशील लक्ष वेधून घेतो. कारवाईच्या ऐन तोंडावर तत्कालीन सेनापती जनरल रॉय बुचर यांनी मुंबई आणि अहमदाबादवर हैदराबादकडून विमानहल्ला होण्याची भीती व्यक्त केल्याची नोंद त्या काळाच्या इतिहासलेखनात मिळते. १९४८मध्ये ती भीती निराधार ठरली. छत्तीस वर्षांनी मुंबईबद्दलची तीच भीती पुन्हा मांडली गेली तेव्हा ती निराधार राहिली नव्हती.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, चेंबूरच्या पलीकडे, ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तेथील सायरस ही संशोधन-भट्टी १९६०पासून चालू होती, आणि १९७४च्या स्फोटासाठीचे प्लुटोनियम तिच्यातूनच आले होते. तिच्याहून मोठी ध्रुव ही भट्टी १९८५मध्ये कार्यान्वित व्हायची होती, आणि वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढणारा प्रकल्पही तेथेच आहे. उत्तरेला आजच्या पालघर जिल्ह्यात तारापूर येथे १९६९पासून वीज देणारे दोन अणुभट्ट्यांचे केंद्र होते. १९८१च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या ८२ लाखांच्या घरात होती. कराचीपासून मुंबईचे हवाई अंतर नऊशे किलोमीटरच्या आत आहे, आणि जानेवारी १९८३पासून पाकिस्तानच्या हवाई दलात अमेरिकी एफ-१६ विमाने दाखल होऊ लागली होती. पाकिस्तानी अणुऊर्जा आयोगाचे प्रमुख मुनीर अहमद खान यांनी व्हिएन्ना येथे भारतीय अणुशास्त्रज्ञ डॉ. राजा रामण्णा यांना, काहुटावर हात टाकला तर ट्रॉम्बे सुरक्षित राहणार नाही, अशी समज दिल्याचे भारतीय अणुकार्यक्रमावरील लेखनात नमूद आहे. ही समज शब्दशः कशी होती याला फारसे महत्त्व नाही. नकाशा समोर ठेवणाऱ्या कोणालाही ती न सांगता समजण्यासारखी होती.

या ठिकाणी दोन्ही लक्ष्यांतील विषमता समजून घेतली पाहिजे. समृद्धीकरणाचा कारखाना फुटला तर मुख्यत्वे हेक्झाफ्लोराइड वायू बाहेर पडतो, तो हवेतील ओलाव्याशी संयोग पावून घातक आम्ल तयार करतो, आणि हानी मोठी असली तरी ती बव्हंशी रासायनिक आणि स्थानिक राहते. चालू अणुभट्टी किंवा वापरलेले इंधन साठवलेली जागा फुटली, तर मात्र आयोडीन आणि सीझियमसारखी किरणोत्सारी द्रव्ये वाऱ्याबरोबर दूरवर जातात आणि त्यांपैकी काही दशकानुदशके जमिनीत राहतात. पावसाळ्यात वारा समुद्राकडून घाटाकडे वाहतो, म्हणजे ट्रॉम्बेहून उठलेला ढग ठाणे-कल्याणच्या दाट वस्तीवरून सह्याद्रीकडे सरकला असता. थोडक्यात, काहुटा आणि ट्रॉम्बे यांची अदलाबदल हा भारतासाठी उघड तोट्याचा सौदा होता. ३ डिसेंबर १९८४च्या पहाटे भोपाळमध्ये विषारी वायूने दाट वस्तीच्या शहराची काय अवस्था होते ते देशाने पाहिले, तेव्हा तर कारखान्यावर बॉम्ब टाकणाऱ्या शत्रूचीही गरज पडली नव्हती.

याउलट बाजूने केली जाणारी मांडणी केवळ भडक म्हणून झटकून टाकता येण्यासारखी नाही, आणि या पुस्तकात तिला पुरेशी जागा दिली आहे. १९८४मध्ये पाकिस्तानकडे वापरण्याजोगे अण्वस्त्र नव्हते. तेव्हा कारवाई झाली असती तर निदान काही वर्षांचा अवधी मिळाला असता. तो न साधल्यामुळे १९८७च्या जानेवारीत भारतीय लष्कराच्या ब्रासटॅक्स सरावाच्या तणावात कादीर खान यांना पत्रकार कुलदीप नय्यर यांच्यामार्फत अप्रत्यक्ष धमकी देता आली. २८ आणि ३० मे १९९८ रोजी बलुचिस्तानात स्फोट झाले, १९९९मध्ये कारगिलच्या शिखरांवर घुसखोरी करताना पाकिस्तानी सेनापतींना अण्वस्त्रांची ढाल पाठीशी असल्याचा भरवसा होता, आणि २००८च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाल्यानंतर भारताने प्रत्युत्तराचा हात आवरला, त्यातही या ढालीचा वाटा होता. भर म्हणून, कादीर खान यांच्या जाळ्याने लिबिया, इराण आणि उत्तर कोरियापर्यंत सेंट्रिफ्यूजचे तंत्र पोहोचवले, आणि अशा व्यवहारांची जबाबदारी त्यांनी ४ फेब्रुवारी २००४ रोजी दूरचित्रवाणीवर स्वतःच स्वीकारली. म्हणजे संयमाची किंमतदेखील अंशतः मुंबईनेच मोजली, असे म्हणणाऱ्यांना खोडून काढणे सोपे नाही. मात्र या मांडणीत एक दुवा नेहमी गाळला जातो. हल्ला झाला असता तर पाकिस्तानने कार्यक्रम सोडला असता, असे ती गृहीत धरते, आणि नेमक्या याच गृहीतकाला इराकच्या उदाहरणातून आधार मिळत नाही. अवधी मिळाला असता हे खरे. पण त्या अवधीत जखमी, अधिक गुप्त आणि जगाची सहानुभूती मिळवलेला शेजारी काय करतो, याचा हिशेब समर्थकांनी मांडलेला आढळत नाही.

भारतीय लष्करात हा हिशेब मांडण्याचा प्रयत्न झाला होता, तो राजकीय चर्चेहून निश्चितच अधिक गंभीर होता. महू येथील युद्धविषयक महाविद्यालयाचे प्रमुख असताना जनरल कृष्णस्वामी सुंदरजी यांनी १९८०-८१च्या सुमारास अधिकाऱ्यांकडून टपालाने मते मागवून एक परिसंवाद घडवला. एका बाजूकडे अण्वस्त्र आणि दुसरीकडे केवळ पारंपरिक सैन्य अशी विषम स्थिती आली तर काय होईल, हा त्याचा विषय होता. त्यातून आणि दिल्लीतील संरक्षण अभ्यास संस्थेचे संचालक के. सुब्रह्मण्यम यांच्या लेखनातून जो तिसरा मार्ग पुढे आला, तो हल्ल्याचाही नव्हता आणि केवळ निषेधाचाही नव्हता. शेजाऱ्याला थांबवता येत नसेल तर त्याच्या अस्त्राचा उपयोग निष्फळ ठरवण्याइतका धाक स्वतःपाशी असावा, असे त्याचे सूत्र होते. धाक या संकल्पनेचा अर्थ असा की, हल्ल्याला असह्य प्रत्युत्तर मिळेल या खात्रीमुळेच प्रतिपक्ष हल्ला टाळतो. हा मार्ग महागडा आणि नैतिकदृष्ट्या अस्वस्थ करणारा आहे, कारण तो कोट्यवधी निरपराधांना कायमचे ओलीस ठेवूनच चालतो. भारताने पुढे जानेवारी २००३मध्ये जाहीर केलेल्या धोरणात, म्हणजे किमान विश्वासार्ह धाक आणि अण्वस्त्राचा प्रथम वापर न करण्याची ग्वाही यांत, त्याचे रूप दिसते.

चीनच्या बाबतीत भारतापुढे हाच प्रश्न वीस वर्षे आधी आला होता, तो थोडक्यात सांगितला तरी पुरे. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी लोप नोर येथे चीनने पहिला स्फोट केला तेव्हा संरक्षणमंत्री कराडचे यशवंतराव चव्हाण होते. आठच दिवसांत, २४ ऑक्टोबरला, डॉ. होमी भाभा यांनी आकाशवाणीवरून दहा किलोटनांचा स्फोट साडेसतरा लाख रुपयांत होऊ शकतो असा हिशेब सांगितला, आणि त्यातून संसदेत व वृत्तपत्रांत अण्वस्त्रवाद्यांना भक्कम आधार मिळाला; हे आकडे प्रत्यक्षात फार आशावादी होते. चिनी केंद्रांवर हल्ला करण्याची ताकद भारताकडे नव्हती. ती अमेरिकेकडे होती. तेथील कागदपत्रांनुसार, स्फोटाच्या एक महिना आधी, १५ सप्टेंबर १९६४ रोजी, अध्यक्ष जॉन्सन यांच्या सल्लागारांनी तसा हल्ला न करण्याचा निष्कर्ष काढला. चीन अण्वस्त्रधारी झाला, आणि आठ वर्षांनी अमेरिकेचा अध्यक्ष बीजिंगला गेला.

काहुटाच्या प्रकरणाचा खरा शेवट मात्र बॉम्बमध्ये नव्हे, एका त्रोटक करारात झाला. या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग त्यालाच वाहिलेला आहे. १७ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीत राजीव गांधी आणि जनरल झिया यांनी परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचे तोंडी मान्य केले. ब्रासटॅक्सचा तणाव आणि झिया यांचा मृत्यू मध्ये येऊन गेल्यानंतर, ३१ डिसेंबर १९८८ रोजी इस्लामाबादेत, राजीव गांधी आणि पाकिस्तानच्या पंतप्रधान बेनझीर भुट्टो यांच्या उपस्थितीत दोन्ही परराष्ट्र सचिवांनी त्यावर सह्या केल्या. करार २७ जानेवारी १९९१पासून अमलात आला. त्यात अणुवीज आणि संशोधनाच्या भट्ट्या, इंधननिर्मिती, समृद्धीकरण, समस्थानिके वेगळी करणे आणि पुनर्प्रक्रिया यांची केंद्रे, तसेच किरणोत्सारी द्रव्यांचे लक्षणीय साठे असलेल्या जागा समाविष्ट आहेत. दोन्ही देशांनी दरवर्षी १ जानेवारीला या केंद्रांचे अक्षांश-रेखांश परस्परांना कळवायचे, ही त्यातील एकमेव कार्यवाही आहे. विशेष म्हणजे सह्या झाल्या त्याच वर्षी, जून १९८८मध्ये, राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांपुढे संपूर्ण अण्वस्त्रमुक्तीचा कृतिकार्यक्रम मांडला होता, आणि पुढे प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांनुसार त्याच सुमारास भारताच्या अण्वस्त्रनिर्मितीलाही हिरवा कंदील मिळाला. निःशस्त्रीकरणाची योजना, परस्परांच्या केंद्रांना अभय आणि स्वतःचे अस्त्र या तिन्ही गोष्टी एकाच शासनाने एकाच वेळी पुढे नेल्या. यात दांभिकता पाहणारे पाहतील. प्रस्तुत लेखनाची धारणा अशी की, वैरी शेजाऱ्याशी वागताना धोरण बहुधा असेच अनेक पदरी राहते, आणि एकाच सूत्रात ते बांधू पाहणारे सल्लागार क्वचितच उपयोगी पडतात.

१ जानेवारी १९९२पासून कारगिल, २००१-०२ची सीमेवरील सैन्याची जमवाजमव, मुंबईवरील हल्ला, पुलवामा आणि बालाकोट यांपैकी कोणत्याही घटनेने याद्यांच्या या देवाणघेवाणीत खंड पाडला नाही. जानेवारी २०२५मध्ये ती चौतिसाव्या वेळी झाली. त्याच वर्षी मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या वेळी पाकिस्तानातील किराणा टेकड्यांवर, म्हणजे १९८३मध्ये जेथे बॉम्बच्या स्फोटकरचनेची शीत चाचणी झाली त्या परिसरावर, भारताने हल्ला केल्याची वार्ता पसरली, तेव्हा एअर मार्शल ए. के. भारती यांनी तिचा जाहीर इन्कार केला आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही पाकिस्तानात कोठे किरणोत्सार झाल्याचे नाकारले. त्यानंतर सुमारे महिन्याभराने, १३ जून २०२५ रोजी इस्रायलने आणि २२ जून रोजी अमेरिकेने इराणच्या नतान्झ, इस्फहान आणि फोर्दो येथील केंद्रांवर हल्ले केले. इस्रायल आणि इराण यांच्यात १९८८सारखा कोणताही करार नव्हता. २०१५मध्ये झालेल्या बहुराष्ट्रीय करारातून अमेरिका २०१८मध्ये बाहेर पडली होती. हल्ल्यांनी इमारतींची मोठी हानी झाली. परंतु ६० टक्के समृद्ध केलेले सुमारे ४४० किलो युरेनियम नेमके कोठे आहे, याची खात्री निरीक्षकांना हल्ल्यानंतर देता येईना. हल्ल्याआधी त्याची मोजदाद होत होती, ही बाब प्रतिबंधक हल्ल्याच्या समर्थकांनी विचारात घ्यावी अशी आहे. उत्तर कोरियाचे उदाहरण मात्र उलट दिशेने बोलते. १९९४चा करार २००२मध्ये मोडला आणि ९ ऑक्टोबर २००६ रोजी स्फोट झाला, म्हणून वाटाघाटींवर सरसकट विश्वास ठेवणाऱ्यांनाही या पुस्तकात दिलासा मिळणार नाही.

१९८८च्या कराराची स्तुती करताना त्याचे तोकडेपण झाकणे अनुचित होईल. यादीत दिलेली माहिती खरी आहे की नाही याची तपासणी करण्याची कोणतीही तरतूद त्यात नाही; अण्वस्त्रे जेथे ठेवली जातात त्या लष्करी कोठारांचा त्यात स्पष्ट उल्लेख नाही; आणि करार लिहिला गेला तेव्हा संगणकजालातून होणाऱ्या हल्ल्याची कल्पनाच नव्हती. नतान्झ येथील सेंट्रिफ्यूज २०१०च्या सुमारास स्टक्सनेट नावाच्या आज्ञावलीने बिघडवले गेले, तेव्हा एकही विमान उडाले नव्हते. २०१९च्या ऑक्टोबरात तामिळनाडूतील कुडनकुलम केंद्राच्या प्रशासकीय संगणकावर घातक आज्ञावली आढळल्याचे अणुऊर्जा महामंडळाने मान्य केले. अशी घुसखोरी १९८८च्या करारातील 'हानी' या संज्ञेत बसते का, याविषयी दोन्ही देशांनी परस्परांशी बोलणी केल्याचे जाहीर झालेले नाही. पुस्तकाची अखेरची दोन प्रकरणे याच त्रुटीवर आहेत, आणि तारापूर, ट्रॉम्बे आणि काहुटा यांना त्या कराराच्या कक्षेत नव्या अर्थाने आणायचे झाले तर कोणती कलमे वाढवावी लागतील, याचा एक मसुदा तेथे चर्चेसाठी ठेवला आहे.